रोड रोलरखालचं तळघर

नांदेडात मला दोन प्रकारे ओळखतात. ज्यांनी माझ्याकडून लग्नपत्रिका छापून घेतल्या ते 'छापखान्याच्या बाई' म्हणतात. बाकीचे विचारतात, "रोड रोलरखाली चित्र घालणाऱ्या बाई त्या तुम्हीच का?" हो, मीच. एकदाच घातलं, पण लोकांच्या तेवढंच लक्षात राहिलं. इतकी वर्षं पत्रिकांवर गणपती सरळ बसवला, त्याचं कौतुक कोणालाच नाही.

आधी धंदा सांगते. मी शिकले मुद्राचित्रण. लाकडावर किंवा लिनोच्या रबरासारख्या मऊ तक्त्यावर चित्र कोरायचं, जो भाग वर उरतो त्याला शाई लावायची, त्यावर कागद ठेवून दाबायचं. लहानपणी बटाटा कापून ठसे मारले असतील तर तुम्हीही मुद्राचित्रकारच. फक्त तुम्ही थांबलात आणि मी थांबले नाही. यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जे कोरून काढलं ते पांढरं येतं आणि परत भरता येत नाही. छापल्यावर सगळं उलटं होतं, आरशासारखं. आणि दाब. कमी झाला तर शाई उमटत नाही, जास्त झाला तर फिसकटते. पहिल्या दोन गोष्टी वर्षभरात जमतात. दाब जमायला जन्म जातो.

लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासऱ्यांचा छापखाना होता. पोटापाण्याला पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. मागच्या खोलीत माझं हातयंत्र आणि कोरायच्या पटाश्या. "झेरॉक्स स्वस्त पडतं की, बाई," असं सांगणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतंच. मी त्यांना झेरॉक्सचं दुकान दाखवते. समोरच आहे.

युद्ध हा विषय मी शोधून काढला नाही. तो गिऱ्हाईक होऊन आला. मुखेडकडचे एक हवालदार फौजेतून निवृत्त होऊन आले होते. मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन ते माझ्याकडे आले. भिंतीवर मी नुकताच छापलेला एक सैनिक लावला होता. दात आवळलेला, बंदूक रोखलेला. मला तो फार जमलाय असं वाटत होतं. हवालदार बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"बाई, ह्यो गडी डावखुरा हाय का?"

मी बघितलं. कोरताना उलटं करायचं विसरले होते. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर! सैनिकाने बंदूक डाव्या खांद्याला लावली होती.

"चुकलं," मी म्हटलं.

"ते चुकू द्या वो. डावखुरे असत्यात. पण ह्याला इतका राग कशाला आणलाय? तिथं राग येत न्हाई."

"मग काय येतं?"

"झोप. लई झोप येती. आन पाय ओले झाले की नुसते पायच डोक्यात ऱ्हातेत."

तो ठसा मी त्याच दिवशी रंधून टाकला. त्यानंतर हवालदार महिन्यातून एकदा यायचे, चहा घ्यायचे आणि मी त्यांच्या सांगण्यावरून कोरायचे. दोरीवर वाळत घातलेले मोजे. स्टोव्हभोवती बसलेले चौघं. बसल्या बसल्या झोपलेला पहारेकरी. ते बघून "हाव", म्हणजे हो, म्हणाले तर छापायचं, नाही तर रंधा. टीव्हीवर युद्ध बघून चित्र काढणाऱ्यांची मला तेव्हापासून कीव येते. मीही त्यातलीच होते, म्हणून जास्त येते.

आता मुख्य गोष्ट.

लातूरला मी दर मे महिन्यात लिनोचं शिबिर घेते. लातूरच्या मुलांना सुट्टी नसते, त्यांना क्लास असतात. त्यामुळे शिबिराला येतात ते क्लासला कंटाळलेले किंवा क्लासने सोडून दिलेले. त्या वर्षी एक गृहस्थ बावीस वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मारोतराव, डाळ मिलमध्ये मेकॅनिक. मुलगी प्राची. युक्रेनमध्ये डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. युद्ध सुरू झालं तेव्हा हॉस्टेलच्या तळघरात नऊ दिवस काढून परत आली होती.

"घरी नुसती भिंतीकडं बघत बसती," मारोतराव म्हणाले. "पुस्तक धरीना. तुमच्याकडं हात तरी हालतील."

हात हलले. पहिल्या दिवशी तिने एक नळ कोरला. दुसऱ्या दिवशी चार्जिंगचा एक बोर्ड, त्यावर लोंबकळणारे अकरा मोबाइल. तिसऱ्या दिवशी पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलेली उशी. रेघ अशी की मी आदल्या रात्री ठरवलेलं सगळं शिकवणं गुंडाळून ठेवलं.

"माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

"माणसांना मोठी जागा लागेल, मॅडम."

"किती मोठी?"

तिने दोन्ही हात पसरले आणि तेही पुरेनात म्हणून दोन पावलं बाजूला सरकली. मी टेप आणला. आठ फूट बाय चार फूट. प्लायवूडचा अख्खा तक्ता.

खरं सांगते, मी घाबरले. एवढा ठसा मी जन्मात केला नव्हता. तेवढं यंत्र आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कोणाकडे नव्हतं. छापायचा कसा, हा विचारही न करता मी हो म्हणून बसले.

त्यानंतर नऊ महिने ती दर शनिवारी लातूरहून एस.टी.ने यायची आणि रविवारी परत जायची. माझ्या मागच्या खोलीत तक्ता जमिनीवर, ती तक्त्यावर पालथी. आधी कागदावर चित्र, मग ते उलटं करून लाकडावर, मग पटाशी. तळघरात तिच्यासह अकरा जण होते, सगळे नांदेड-लातूर भागातले. कोरताना ती थोडं थोडं बोलायची. देगलूरचा नागेश दिवसभर केस विंचरायचा. उदगीरची वैष्णवी हाडांची नावं मोठ्याने पाठ करायची. एकदा चुकली तर सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलं. मोबाइलवर सायरनचं ॲप, त्याच मोबाइलवर आईचा मेसेज, 'जेवलीस का?' अकराही जण तिने कोरले. स्वतःला पाठमोरं.

मारोतरावांनी एक अट घातली होती. होळीपर्यंत काय ते करायचं, नंतर दुसऱ्या देशातल्या कॉलेजात उरलेलं शिक्षण. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

एकदा मी तिला विचारलं, "हे कोणासाठी करते आहेस?"

"घरी सगळे म्हणतात, सुखरूप आलीस ना, विसर आता. टीव्हीवर मोठमोठ्या इमारती पडलेल्या दाखवत होते, आमच्या तळघरात तर काहीच झालं नाही. आता मलाच वाटतंय, मी मनानेच रचतेय का?" ती म्हणाली. "बाकीच्या दहा जणांनी बघून सांगावं, असंच होतं. एवढंच."

त्या दहांशी परत आल्यापासून तिचं बोलणं नव्हतं. कोणाचंच कोणाशी नव्हतं. ग्रुप होता, पण त्यात फक्त सणांच्या शुभेच्छा. होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी अकरा वाजता विष्णुपुरीजवळ या, एवढाच मेसेज तिने टाकला. दहा अंगठे आले.

आता विष्णुपुरी का, ते सांगते. रोड रोलरची कल्पना माझी नाही, जगात इतरांनी असं केलेलं मी वाचलं होतं. रोलर मात्र हवालदारांनी मिळवला. नांदेडशेजारच्या विष्णुपुरीकडच्या रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या ठेकेदाराच्या आवारात ते पहारेकरी होते. साहेबांना त्यांनी काय सांगितलं मला ठाऊक नाही. परवानगी मिळाली: रविवारी आठ ते अकरा. अकराला रोलर लोहा गावाकडच्या रस्त्याच्या कामावर जाणार म्हणजे जाणार.

रोलर चालवणारे रज्जाकभाई. पन्नाशीचे, गळ्यात रुमाल. तक्त्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "मॅडम, मुरूम दाबायचा म्हणा, डांबर दाबायचं म्हणा, समजतं. तस्वीर कशाला दाबायची? तिनं काय केलं?"

"तुम्ही फक्त हळू न्या."

"हळू तर हळू. आपल्याला काय, दाबायचंच काम."

सात वाजल्यापासून आम्ही तिथे होतो. मी, प्राची आणि हवालदार. मांजरपाटाचे दोन मोठे तुकडे, दोनदा धुऊन खळ काढलेले. खळ राहिली तर कापड शाई पीत नाही. ऑफसेटची काळी शाई, त्यात किंचित जवसाचं तेल. तिघांनी हातातल्या रुळांनी तक्ता काळा करायला पाऊण तास लागला. ऊन चढायच्या आत उरकायला हवं होतं, कारण उन्हात शाई पातळ होते आणि कोरलेल्या रेघांत उतरते. कापड चारी कोपरे धरून एका दमात सोडायचं. सोडलं की हलवायचं नाही. हवालदारांनी "एक, दो, तीन" म्हटलं आणि सोडलं. अगदी सरळ पडलं! मी नाचायचीच बाकी होते. वर दोन सतरंज्या, त्यावर रबरी मॅट. हवालदारांनी नारळ फोडला. पाणी लांब उडवा म्हणून मी ओरडले.

रोलर आला. आठ-दहा टनांचं धूड मुंगीच्या पावलाने मॅटवर चढलं. माझ्या छातीत असं धडधडत होतं की पहिल्यांदा मला वाटलं, जमीन हलतेय ती माझ्यामुळेच.

ती खरोखरच हलत होती.

आताच्या रोलरला एक सोय असते. बटण दाबलं की लोखंडी ड्रम थरथरतो, त्याने मुरूम पक्का बसतो. रज्जाकभाईंचा हात वीस वर्षांच्या सवयीने, ड्रम मालावर चढताच, बटणावर गेला होता.

"बंद करा! रज्जाकभाई, व्हायब्रेशन बंद!"

बंद झालं. पण निम्म्या तक्त्यावरून थरथर गेली होती. ते खाली उतरले, कपाळावर हात मारला. "हात आपोआप गेला, मॅडम. कसम से."

कापड उचललं. डावीकडची माणसं स्वच्छ उमटली होती. उजवीकडच्यांची मात्र प्रत्येक रेघ दोनदा-तीनदा. चेहरे थरथरत होते, भिंत थरथरत होती, बोर्डावरचे मोबाइल थरथरत होते. वाटावं, बाँब आत्ताच पडलाय. इतकी वर्षं हा धंदा केला, असं काही हातून उतरलं नव्हतं.

"हेच!" मी ओरडले. "प्राची, हेच आपलं चित्र! मुद्दाम करायला गेलो असतो तरी जमलं नसतं!"

हवालदारही म्हणाले, "लई भारी." रज्जाकभाईंच्या जिवात जीव आला.

प्राची कापडासमोर उभी होती. "नाही, मॅडम. हे खोटं आहे."

"अगं, बघ तरी नीट."

"बघितलं. असं नव्हतं. आत काहीच हलत नव्हतं. सायरन झाला की अकरा जणांतलं कोणी बोटसुद्धा हलवायचं नाही. नागेशचा कंगवा केसांत तसाच राहायचा. आम्ही हललो तर वरून कळेल, असं वाटायचं. वेडेपणा होता तो, पण तसं होतं." मग ती पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलली. "हे तुम्हाला आवडलं म्हणून मी त्या दहा जणांना दाखवू?"

मला राग आला, लपवत नाही. मी शिकवणारी, ती शिकणारी. वर बरोबर तीच होती. दात आवळलेले सैनिक पुन्हा एकदा काढायला निघाले होते मी.

"ठीक आहे," मी म्हटलं. "दुसरं काढू."

नऊ वाजले होते. तक्ता पुसून बघतो तर वैष्णवीच्या खांद्यापाशी प्लायवूडचा वरचा पदर उचकटला होता, हातभर. थरथरीने. एवढ्यात लातूरहून मारोतराव मोटारसायकलवर आले. लेकीला परत न्यायला. त्यांनी तक्ता पाहिला, मला वाटलं आता म्हणतील, झालं ना, चला. ते गुडघ्यावर बसले, उचकटलेल्या पदराखाली बोट घातलं, मग तक्त्याच्या खाली वाकून पाहिलं.

"जमीन एकसारखी न्हाई. हितं पोकळ हाय. वजन आलं की हे डुचमळणारच."

"मग?"

"आमच्या मिलमधे तूर दोन दगडांमधून जाती. दगड जास्त दाबला की दाणा फुटतो, कमी दाबला की टरफल निघत न्हाई. मंग आम्ही दगडाला शिव्या देत न्हाई, बैठक बघतो. बैठक सरळ तर सगळं सरळ." त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "वाळू हाय का? चाळलेली पाहिजे."

रस्त्याच्या कामावर वाळूला काय तोटा. मारोतरावांनी चाळून थर दिला, फळी फिरवून पातळी केली, डोळा जमिनीला लावून तपासली, परत फळी फिरवली. उचकटलेल्या पदरात गोंद भरून वर विटा ठेवल्या. मी सारखी घड्याळ बघत होते. "घाई करू नका, मॅडम," ते न बघताच म्हणाले. दाबाच्या बाबतीत मला कोणी गप्प बसवावं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

दहाला पुन्हा शाई. या वेळी चौघं. मारोतरावांना हातरूळ कसा धरायचा ते प्राचीने सांगितलं. पाऊण तासाचं काम अर्ध्या तासात झालं. हवालदारांनी रज्जाकभाईंचा गळ्यातला रुमाल मागून घेतला आणि त्या बटणावर गच्च बांधला.

"आता हात गेला तर रुमालाला लागंल."

"हात गेला तर हातच तोडा," रज्जाकभाई म्हणाले आणि चढले.

रोलर आला. आम्ही चौघंही जमिनीकडे बघत होतो. जमीन जमिनीसारखी राहिली. एकदा गेला, एकदा परत आला. अकराला दहा कमी. कापडाचे कोपरे उचलताना प्लायवूडचा पदर फाटल्याचा आवाज आला. वैष्णवीचा खांदा लाकडावरून सुटून कापडाला चिकटला होता. ठसा संपला. पण त्याआधी तो उमटला होता. सगळा. नळाच्या तोटीपर्यंत, कंगव्याच्या दातांपर्यंत. अकरा माणसं, आणि कोणी हलत नव्हतं.

कापड आम्ही एका टिपरच्या बाजूला दोऱ्या लावून टांगलं. तोवर पोरं यायला लागली होती. ऑटोने, मोटारसायकलवर, दोघंतिघं आईबापांसकट गाडी करून. दहाही आले. एकमेकांना बघून नुसतं "काय" म्हणाले. मग कापडासमोर उभे राहिले. कोणी छान म्हटलं नाही, कोणी फोटो काढला नाही. प्राची बाजूला उभी राहून शाईचे हात पुसत होती. हात कधीच स्वच्छ झाले होते, ती पुसतच होती.

नागेश पुढे गेला. "बटाट्याचं पोतं हितं नव्हतं. दाराकडं होतं."

"पहिले चार दिवस दाराकडं," प्राची म्हणाली. "मग उंदीर आला म्हणून तूच हलवलंस."

"मी न्हाई, वैष्णवीनं."

"मी? माझी पाठ धरली होती तेव्हा!" वैष्णवी म्हणाली. "आणि नळ गळत होता, थेंब का नाही दाखवला?"

"दाखवलाय, खाली बघ."

सगळे वाकले. थेंब होता. मग असा गलका झाला म्हणून सांगू! कोण कुठं बसायचं, चार्जिंगला पहिला नंबर कोणाचा, सायरन संपल्यावर पहिलं कोण हललं. दहा जण एकदम बोलत होते, प्राची प्रत्येकाला उत्तर देत होती, दोघांशी तर भांडत होती. ज्यांचं बोलणं आईबापांनी वर्षभर ऐकलं नव्हतं, त्यांचा हा गलका. आईबाप मागे उभे होते. मारोतराव रोलरच्या चाकाला टेकून ऐकत होते.

"असंच होतं," कोणीतरी भांडता भांडता म्हणालं. कोण, ते मला दिसलं नाही. प्राचीने हात पुसायचं थांबवलं.

मला पश्चात्ताप एकाच गोष्टीचा आहे. ते थरथरलेलं कापड मी घडी करून घरी नेलं. पुण्या-मुंबईकडच्या प्रदर्शनाला पाठवलं असतं तर बक्षीस मिळालं असतं, याची मला आजही खात्री आहे. अर्जही भरून ठेवला होता. शेवटी प्राचीचं 'खोटं आहे' आठवलं आणि त्या कापडाचे तुकडे करून शाई पुसायला घेतले. धुतलेला मांजरपाट पुसायला उत्तम.

तर परत त्या रविवारकडे. नागेशच्या आई, हिरवं लुगडं नेसलेल्या, इतका वेळ मागे होत्या. त्या पुढे आल्या आणि कापडावरच्या नागेशच्या दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर बोट ठेवलं. शाई ओली आहे म्हणून मी सांगायच्या आत ठेवलं.

"हितं काय लिहून राहिलास?"

"तुला मेसेज."

"काय?"

"जेवलो म्हणून."

"आन जेवला व्हतास?"

गलका थांबला. नागेशने कापडावरच्या पोत्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "न्हाई."

"किती दिवस?"

"बटाटे संपल्यापासनं रोजच लिवायचो, आई. सगळेच लिवायचे."

त्या माउलीने काळं बोट पदराला पुसलं, मागे वळून बाकीच्या आयांकडे पाहिलं आणि मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात. तोंडाने एकच म्हणाल्या, "गाडीतला डबा आण. सगळ्यांना पुरंल."

अकरा वाजून गेले होते. रज्जाकभाईंनी रोलर सुरू केला, मग खाली वाळूवर पंगत बसलेली बघून बंद केला आणि लोह्याला फोन लावला.

"मशीन गरम झालंय," ते म्हणाले. "एक घंटा लागंल."